भूमीची साक्ष

घर बांधण्यासाठी जागा पाहावयास जाणारा मनुष्य प्रथम काय पाहतो? रस्ता जवळ आहे की नाही, पाण्याची सोय कशी आहे, जमीन सपाट आहे की उंचसखल, हे तो पाहतो. मोकळी, सपाट आणि हिरव्या गवताने झाकलेली जागा दिसली की त्याचे मन प्रसन्न होते. परंतु ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण जमिनीलाही लागू पडते. गवताखाली माती असते, मातीखाली वाळू, वाळूखाली चिकणमाती; आणि या सर्वांच्या कणाकणांमधील फटींतून पाणी हळूहळू वाहत असते. त्या जागेवर पूर्वी जे जे सांडले, पुरले किंवा जिरले, त्यातील पुष्कळसे तेथेच साठून राहिलेले असते. माणसे विसरतात, जमीन सहसा विसरत नाही.

यास्तव ज्या जागेवर पूर्वी कारखाना होता, तेथे घरे, शाळा, बाग किंवा बाजार उभारावयाचा असेल, तर आधी त्या भूमीची साक्ष काढावी लागते. ही साक्ष कशी काढतात, आणि ती एकदा ऐकून भागत का नाही, हे जपानची राजधानी टोकियो येथील मासळीबाजाराच्या हकिकतीवरून चांगले समजते.

टोकियो शहरात समुद्राच्या काठी त्सुकिजी नावाचा भाग आहे. १९२३ सालच्या भीषण भूकंपात शहराचा जुना मासळीबाजार नष्ट झाला. पुढे १९३५ साली त्सुकिजी येथे नवा बाजार सुरू झाला आणि पाहता पाहता जगातील सर्वांत मोठ्या मासळीबाजारांत त्याची गणना होऊ लागली. सूर्य उगवण्यापूर्वीच तेथे माणसाच्या उंचीएवढ्या ट्यूना माशांचे लिलाव पुकारले जात, आणि दिवस उजाडेपर्यंत ती मासळी शहरभरच्या दुकानांकडे रवाना होई. परंतु वर्षे लोटली तशा इमारती जीर्ण झाल्या आणि जागाही अपुरी पडू लागली. तेव्हा २००१ साली नगरशासनाने हा बाजार तेथून सुमारे दोन किलोमीटर अंतरावरील तोयोसू येथे हलविण्याचे ठरविले.

तोयोसू ही समुद्रात भर घालून तयार केलेली भूमी. बाजारासाठी निवडलेली जागा सुमारे ४० हेक्टर होती. जागा प्रशस्त होती, शहराजवळ होती आणि रिकामी होती. मग अडचण ती कोणती? अडचण होती तिच्या पूर्वेतिहासात. १९५६ पासून १९८८ पर्यंत त्या जागेवर वायुनिर्मितीचा कारखाना होता आणि १९७६ पर्यंत तेथे दगडी कोळशापासून वायू तयार केला जात असे.

कोळशापासून वायू कसा निघतो? हवा आत येऊ न देता बंद भट्टीत कोळसा खूप तापविला म्हणजे तो जळत नाही. त्यातून जळण्याजोगा वायू बाहेर पडतो आणि मागे कोक उरतो. हाच वायू नळांवाटे घरोघरी चुलींसाठी पुरविला जाई. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या रस्त्यांवर ज्या वायूच्या बत्त्या लागल्या, त्याही अशाच वायूवर जळत. परंतु भट्टीतून नुसता वायू निघत नाही. त्याच्याबरोबर चिकट काळे डांबर निघते, बेन्झीन नावाचा उडून जाणारा द्रव निघतो आणि वायू स्वच्छ करताना सायनाइडची संयुगे मागे राहतात. या कारखान्यात अर्सेनिकची संयुगेही वापरली जात. अर्सेनिक म्हणजे ज्यापासून सोमल हे विष बनते ते द्रव्य. कारखाना बंद पडला, भट्ट्या मोडल्या, यंत्रे हलविली गेली. परंतु वर्षानुवर्षे जमिनीवर सांडलेले व झिरपलेले पदार्थ कोणी बरोबर नेले नाहीत.

जमिनीत शिरलेले असे द्रव्य एका जागी स्वस्थ बसत नाही. मातीचा माठ वरून कोरडा दिसला तरी त्यातून पाणी पाझरतेच; तशीच जमीनही सच्छिद्र असते. पावसाचे पाणी तिच्यात उतरते आणि वाटेत भेटलेले पदार्थ आपल्याबरोबर खाली नेते. वाळूतून ते भराभर उतरते. घट्ट चिकणमातीशी मात्र त्याची गती खुंटते. चिकणमातीच्या वर साठलेले आणि उताराच्या दिशेने संथपणे सरकणारे हे पाणी म्हणजेच भूजल. अंगणात सांडलेले रॉकेल आज दिसेनासे झाले, तरी काही काळाने शेजारच्या विहिरीच्या पाण्याला त्याचा वास येऊ शकतो, तो याच कारणाने. म्हणूनच केवळ माती तपासून चालत नाही, भूजलही तपासावे लागते. माती सांगते, विष कोठे सांडले. पाणी सांगते, ते कोठे निघाले आहे.

असे पदार्थ शरीरास अपायकारक असतात. बेन्झीनची वाफ दीर्घकाळ श्वासावाटे आत गेल्यास रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधा येते. तथापि जमिनीत विष आहे एवढ्यावरूनच तेथील माणसांना अपाय होईल असे नाही. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : विष, त्याची वाट आणि त्या वाटेच्या टोकाला असलेला माणूस. विहिरीचे पाणी, खेळताना तोंडात जाणारी धूळ, फरशीच्या भेगांतून वर येणारी वाफ, या त्या वाटा होत. साखळीची एक कडी तुटली की साखळी तुटते. विष काढून टाकता आले तर उत्तमच; नाही तर निदान त्याची वाट बंद करावी लागते. परंतु विष कोठे आहे आणि वाट कोणती आहे, हेच ठाऊक नसेल तर तोडावयाचे काय? म्हणून तपासणी आधी आणि बांधकाम मागाहून, हा क्रम सोडता येत नाही.

तपासणीचा आरंभ कुदळीने होत नाही. तो कागदपत्रांनी होतो. जागेचे जुने नकाशे काढतात, कारखान्याचे आराखडे शोधतात, विमानातून घेतलेली जुनी छायाचित्रे पाहतात आणि तेथे काम केलेल्या वृद्ध कामगारांनाही विचारतात. भट्टी कोठे होती, डांबराचे हौद कोठे होते, तेलाच्या टाक्या कोठे पुरल्या होत्या, हे त्यांतून समजते. त्यानंतर तज्ज्ञ प्रत्यक्ष जागेवरून फिरतात. एखाद्या ठिकाणी गवत उगवतच नाही, कोठे मातीचा रंग काळानिळा झाला आहे, कोठे उग्र वास येतो, अशा खुणा ते टिपून ठेवतात.

नंतर जमिनीचे चौकोन पाडण्यात येतात. भाताचे एक शीत चाचपले की सारा भात शिजला की नाही ते समजते. परंतु जमिनीला हा न्याय लावता येत नाही. भात एकाच पातेल्यात सारखा शिजतो. जमिनीत मात्र येथे स्वच्छ वाळू, तर दहा पावलांवर डांबराचा थर, असे असू शकते. नमुने विरळ घेतले तर नेमकी दूषित जागा दोन नमुन्यांच्या मध्ये निसटते. तोयोसूच्या बाबतीत पूर्वी काही तपासण्या आणि सफाई झालेली होती. परंतु मासळीबाजारात अन्न हाताळले जाणार. त्यामुळे तेथील व्यापारी आणि नागरिक यांचे समाधान होईना. तेव्हा २००७ साली शास्त्रज्ञांची एक समिती नेमण्यात आली आणि तिच्या सल्ल्यावरून संपूर्ण जागा दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशा चौकोनांत विभागण्यात आली. एकंदर ४,१२२ ठिकाणांची तपासणी झाली, आणि जेथे दोष आढळला तेथे आणखी खोलवर जाऊन नमुने घेण्यात आले.

नमुना घेणे हेही कसबाचे काम आहे. यंत्राने जमिनीत पोलादी नळी उतरवितात आणि तिच्यात भरलेला मातीचा लांब दांडा अलगद वर काढतात. त्या दांड्यावर जमिनीचे थर एकाखाली एक जसेच्या तसे दिसतात. प्रत्येक ठरावीक खोलीवरची थोडी थोडी माती काचेच्या बरणीत भरतात. बेन्झीन हवेत उडून जाते. म्हणून बरणी काठोकाठ भरून तिचे तोंड ताबडतोब घट्ट बंद करतात आणि ती थंड जागी ठेवतात. बरणीवर जागा, खोली, दिवस आणि वेळ लिहितात. नळी एका भोकातून काढून दुसऱ्यात घालण्यापूर्वी धुतली नाही, तर एका ठिकाणचा दोष दुसऱ्याच्या माथी बसेल. म्हणून ती दर वेळी स्वच्छ करावी लागते.

भूजलासाठी लहान विंधनविहिरी खणतात. त्यांत बसविलेल्या नळीला खालच्या भागात बारीक चिरा असतात. त्यांतून पाणी आत येते आणि माती बाहेर राहते. अशा निदान तीन विहिरींतील पाण्याची पातळी मोजली म्हणजे भूजल कोणत्या दिशेला सरकत आहे ते काढता येते. पाणी नेहमी उंच पातळीकडून सखल पातळीकडे जाते; त्यामुळे पुढे कोणाच्या विहिरीला किंवा कोणत्या ओढ्याला धोका आहे, हे आधीच समजते.

प्रयोगशाळेत मातीचा नमुना पाण्यात मिसळून काही तास हलवीत ठेवतात आणि त्या पाण्यात कोणता पदार्थ किती उतरला ते मोजतात. जपानच्या नियमाप्रमाणे अशा एक लिटर पाण्यात बेन्झीन ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. म्हणजे शंभर लिटर पाण्याला केवळ एक मिलिग्रॅम. मनुष्याने आयुष्यभर रोज असे पाणी प्याले तरी त्यास अपाय होऊ नये, या हिशेबाने ही मर्यादा घातलेली आहे.

२००८ साली तोयोसूच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा सारे शहर चकित झाले. एका ठिकाणच्या मातीत बेन्झीनचे प्रमाण मर्यादेच्या ४३,००० पट आढळले. सायनाइड, अर्सेनिक, शिसे, पारा, क्रोमियम आणि कॅडमियम यांचेही अंश मर्यादेबाहेर सापडले. मात्र सगळीच जमीन अशी नव्हती. तपासलेल्या ठिकाणांपैकी सुमारे एक तृतीयांश ठिकाणी दोष होता, उरलेल्या ठिकाणी माती व पाणी मर्यादेच्या आत होते. बारकाईने केलेल्या तपासणीचा हाच खरा उपयोग. ती नुसती भीती दाखवीत नाही. कोठे भ्यावयाचे आणि कोठे नाही, हे ती नेमके सांगते.

त्यानुसार उपाय योजण्यात आले. बाजाराच्या जागेभोवती जमिनीत खोल भिंती उतरवून आतले भूजल बाहेरच्या भूजलापासून तोडण्यात आले. कारखान्याच्या काळातील जमिनीची वरची दोन मीटर माती काढून तेथे स्वच्छ माती भरावी आणि तिच्यावर आणखी अडीच मीटर स्वच्छ माती घालावी, असे समितीने सुचविले. काढलेली माती काही पाण्याने धुण्यात आली, काही तापविण्यात आली. आणि काही मातीतील तेलकट द्रव्ये सूक्ष्म जंतूंकडून खाववून ती निर्दोष करण्यात आली. दिव्याच्या वातीतून जसे तेल वर चढते, तसे मातीच्या बारीक फटींतून भूजल वर चढते. त्याला अडविण्यासाठी खडीचा थर घालण्यात आला. कारण खडीतील फटी मोठ्या असल्याने त्यांतून पाणी असे चढू शकत नाही. हे सारे काम २०१४ साली पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. भूजलावर लक्ष ठेवण्यासाठी २०१ विहिरी करण्यात आल्या आणि ठरावीक मुदतीने एकूण नऊ वेळा पाणी तपासावयाचे ठरले. सात वेळा सर्व काही मर्यादेत आले. नव्या इमारती उभ्या राहिल्या. ७ नोव्हेंबर २०१६ हा बाजार उघडण्याचा दिवसही मुक्रर झाला.

परंतु अखेरची, म्हणजे नववी तपासणी व्हावयाची होती. सात वेळा चांगले निष्कर्ष आल्यावर आणखी एकदा थांबावयाचे कशासाठी, असे अनेकांना वाटत होते. व्यापाऱ्यांनी नव्या जागेत यंत्रे बसविली होती. विलंबाचा प्रत्येक दिवस खर्चाचा होता. तरीही ३१ ऑगस्ट २०१६ रोजी टोकियोच्या राज्यपाल युरिको कोइके यांनी स्थलांतर लांबणीवर टाकले. त्यानंतर थोड्याच दिवसांत एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. मुख्य इमारतींच्या खाली स्वच्छ मातीचा जो साडेचार मीटर जाडीचा थर असावयास हवा होता, तो तेथे नव्हताच! त्या जागी पोकळ तळघरे होती आणि त्यांत पाणी साचलेले होते. नळ वगैरे तपासण्यासाठी ही जागा मोकळी सोडली होती, असे सांगण्यात आले. परंतु हा बदल ना समितीस कळविलेला होता, ना नागरिकांस. जनतेला दाखविलेल्या चित्रांत मात्र मातीचा थर सर्वत्र दिसत होता.

याच सुमारास आठव्या तपासणीत तीन ठिकाणी दोष आढळला. आणि जानेवारी २०१७ मध्ये नवव्या तपासणीचा निष्कर्ष आला तेव्हा एका ठिकाणच्या भूजलात बेन्झीन मर्यादेच्या ७९ पट निघाले. मध्यंतरी भूजल उपसणारे पंप चालू झाले होते. त्यामुळे पाण्याचा प्रवाह बदलला आणि कोठे तरी दडून राहिलेले द्रव्य पुढे आले असावे, असा तज्ज्ञांचा कयास होता. सात वेळा निर्दोष ठरलेल्या पाण्याने नवव्या वेळी निराळीच साक्ष दिली.

तज्ज्ञ पुन्हा कामाला लागले. विष, वाट आणि माणूस या तीन कड्या त्यांनी पुन्हा एकदा तपासून पाहिल्या. बाजारात भूजल कोणीही पिणार नव्हते अथवा मासळी धुण्यासाठी वापरणार नव्हते. ती वाट मुळातच बंद होती. उरली वाट ती तळघरातून वर येणाऱ्या वाफेची. तेव्हा तळघरांच्या जमिनीवर काँक्रीट घालण्यात आले, हवा बाहेर टाकणारी यंत्रे बसविण्यात आली आणि भूजलाचा उपसा वाढविण्यात आला. जुलै २०१८ मध्ये ही कामे पुरी झाली. तज्ज्ञांनी खात्री दिल्यावर ११ ऑक्टोबर २०१८ रोजी, ठरलेल्या दिवसानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, तोयोसूचा बाजार उघडला. बाजार सुरू झाल्यावरही तेथील हवा आणि भूजल यांची तपासणी थांबविण्यात आली नाही.

या हकिकतीत जमिनीने कोणालाही फसविले नाही. तिला जेथे विचारले तेथे तिने खरे तेच सांगितले. चूक झाली ती माणसांकडून. ठरविलेले काम एक, केलेले काम दुसरे आणि लोकांना सांगितलेले तिसरेच, असे झाले. पहाटेच्या लिलावात मासळी विकत घेणारा व्यापारी तळघरात उतरून पाहू शकत नाही. त्याच्याकडून ती विकत घेऊन घरच्या मुलांना वाढणारी आई तर मुळीच पाहू शकत नाही. त्या दोघांनाही दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दावर विसंबावे लागते. नळीतून काढलेला मातीचा दांडा, बरणीवर लिहिलेली तारीख, वहीत नोंदलेला आकडा, हे सारे मिळून तो शब्द बनतो. त्यांतील एखादी नोंद खोटी निघाली की उरलेल्या शंभर खऱ्या नोंदींवरचा विश्वासही डळमळतो. माती धुऊन स्वच्छ करता येते. डळमळलेला विश्वास स्थिर करावयास अधिक काळ लागतो.

जगातील सर्वच मोठ्या शहरांत जुने कारखाने बंद होतात आणि त्यांच्या जागी नवी वस्ती उभी राहते. ते योग्यही आहे. कारण जमीन काही नव्याने निर्माण होत नाही. आहे तीच जमीन पुन्हा पुन्हा उपयोगात आणावी लागते. परंतु त्या जागेवर पहिला पाया खणण्यापूर्वी तिला तिची हकिकत विचारली पाहिजे, तिचे उत्तर धीराने ऐकले पाहिजे आणि ते जसेच्या तसे सर्वांना सांगितले पाहिजे. उद्या त्या जागेवर राहणाऱ्या, खेळणाऱ्या आणि अन्न विकत घेणाऱ्या माणसांचे स्वास्थ्य त्या उत्तरावर अवलंबून असते.